मळ्यातला दीडशे इंची पडदा

चहा घ्या आधी. आणि हो, कपात एकदा पाहून घ्या. मी आजकाल काहीही तोंडाला लावायच्या आधी त्यात पाहून घेतो. का, ते सांगतो. सांगण्यासारखं काही नाही, पण आमच्या रिठदच्या शेंबड्या पोरांपासून मंगरूळपीरच्या पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक झालंच आहे, मग तुम्हीच कशाला मागं राहता?

तर मला एक साडू आहे. गजाननराव. मंगरूळपीरला कचेरीत कारकून. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे मानानं मोठा, आणि हे तो मला कधी विसरू देत नाही. त्याच्या घराला गच्ची आहे, गच्चीवर पत्र्याचं शेड आहे आणि शेडमध्ये टीव्ही आहे. त्रेचाळीस इंच! मॅच असली की हा सगळी सासुरवाडी गोळा करतो, मूठमूठ चिवडा वाटतो आणि मॅच कमी, टीव्हीच जास्त दाखवतो.

"रंग पाहा रंग! गवत पाहा कसं हिरवंगार दिसून राह्यलं!"

अहो, गवत पाहायला मी रिठदहून मंगरूळपीरला येऊ? माझ्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काय कमी आहे?

मागच्या खेपेला तर त्यानं कहर केला. भर मॅचमध्ये, सगळ्यांच्या देखत म्हणतो, "दिगांबरराव, नीट पाहून घ्या बरं. तुमच्या रिठदले असं कोठी दिसते? तथी लाईट तरी राह्यते काय?"

गच्चीभर लोक हसले. त्यांचं सोडा हो, माझी बायको हसली! माझी, लग्नाची!

मी उभा राहिलो. चिवडा खाली ठेवला. म्हटलं, "गजाननराव, पुढची मॅच माह्या मळ्यात. तुमच्या टीव्हीच्या चौपट दाखवतो. नाई दाखवली, तं जल्मात तुमच्या गच्चीवर पाय ठेवणार नाई!"

झालं. बोलून बसलो. आता सासुरवाडीत माझं नाक राहायचं की जायचं, ते एका पडद्यावर येऊन ठेपलं.

आता प्रोजेक्टर निवडायचा म्हटल्यावर आमच्या गावात सल्ला द्यायला माणसांची कमी नाही. ज्याला स्वतःच्या रिमोटमधला सेल बदलता येत नाही, तो मला लेन्स कशी पाहायची ते सांगत होता. एक म्हणे भिंतीला चुना मार, दुसरा म्हणे लग्नवाल्याकडून भाड्यानं आण. मी कुणाचं ऐकलं नाही. तीन दिवस मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. त्यात ते शहरातले लोक, 'घरामागच्या अंगणात मॅच पार्टी' म्हणून दाखवतात. अंगण केवढं? माझ्या मेथीच्या वाफ्याएवढं! त्यात चार खुर्च्या, एक कुंडी आणि एक कुत्रं. आणि म्हणे पार्टी!

पण त्या व्हिडिओंतून मी एक शब्द उचलला. ल्युमेन. म्हणजे प्रोजेक्टर किती उजेड फेकतो त्याचं माप. जेवढे ल्युमेन जास्त तेवढं चित्र झकास, एवढं ध्यानात ठेवलं आणि वाशिमला गेलो. दुकानदार गल्ल्यावर बसून कान कोरत होता.

"प्रोजेक्टर दाखवा."

"शाळेसाठी पाह्यजे काय?"

"मॅच पाहाले. मळ्यात. मोकळ्यावर."

त्यानं कान कोरायचं थांबवलं. "मळ्यात? मंग भौ, हा घ्या. बेताचा उजेड आहे, पंचवीस-तीस लोकायले आरामात दिसते."

बेताचा! मला! बेताचं घ्यायला मी काय कारकून आहे?

"याच्यापेक्षा तेज?"

"हा पाहा."

"याच्यापेक्षा?"

"तो वरचा. पन तो लग्नाच्या हॉलचा आहे. अंधाऱ्या मळ्यात एवढा उजेड कायले पाह्यजे? उलट तरास होईन."

"कायचा तरास?"

"आता पाहा, मोकळं रान आहे, अन् उजेडाले—"

"तुमी दुकानदार आहे का डॉक्टर? काढा तो खाली!"

त्या भल्या माणसाचं वाक्य मी पूर्ण होऊ दिलं असतं, तर आज तुम्ही इथून नुसता चहा पिऊन गेला असता.

मग त्यानं पडदा दाखवला. राखाडी रंगाचा. म्हणे, मोकळ्यावर हाच बरा. म्हटलं, मळलेला माल खपवतो काय मला? मी बाजारातून पांढरं मांजरपाट घेतलं, शिंप्याकडून दीडशे इंची जोडून घेतलं आणि घरी आणून बायकोला म्हटलं, याला दोनदा निळीत काढ. असं पांढरं झालं पाहिजे की गजाननरावाचे डोळे दिपले पाहिजेत.

सुनंदानं काढलं निळीत. पण हात चालतात तसं तिचं तोंडही चालतं.

"अवो, एवढं पांढरं, अन् त्याच्यावर एवढा उजेड. पाखरं येतीन."

"पाखरं बल्बवर येतात. हा प्रोजेक्टर आहे."

"पाखराले समजते काय, हा प्रोजेक्टर आहे म्हणून?"

"तुले टेक्निकल गोष्टी समजत नाईत."

"नाई समजत बाप्पा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तेवढं समजते. माह्या सांबाराच्या वाफ्यात कोणी बसलं नाई पाह्यजे, बस."

सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, बरं का. तुमच्या इडलीसोबतचं नव्हे.

आता इथं मला एक गोष्ट कबूल करायलाच हवी, आणि ती ऐकून तुम्ही माझी कीव करू नका, मला ती सहन होत नाही. माझ्या या मळ्यात कृषी खात्याची शेतीशाळा भरते. वानखडे मॅडम म्हणून कृषी सहायक आहेत, त्या गावातल्या भाजीवाल्या शेतकऱ्यांना गोळा करून कीड कशी ओळखायची, काय करायचं, ते शिकवतात. माझ्या वांग्यांत अळी फार, म्हणून त्यांनी माझ्या धुऱ्यावर प्रकाश सापळा लावायला सांगितला. साधी गोष्ट आहे. एक बल्ब टांगायचा, खाली साबणाच्या पाण्याचं घमेलं ठेवायचं. तिन्हीसांजेला पतंग उजेडावर येतात आणि पाण्यात पडतात.

मी ते इतकं छान शिकलो, की पुढच्या वर्गाला मॅडमनी मलाच बोलायला उभं केलं. मी हातात काठी घेतली आणि तक्त्यावर मारून मारून सांगितलं, "तीन गोष्टी ध्यानात ठेवा! उजेड तेज पाह्यजे. मांगं पांढरं पाह्यजे. अन् आजूबाजूले अंधार पाह्यजे!" सगळ्यांकडून तीनदा म्हणून घेतलं. त्या मेल्यांपैकी कुणीच लावला नाही सापळा, ती गोष्ट वेगळी. गाढवापुढे वाचली गीता. पण मला प्रमाणपत्र मिळालं. अजून आहे भिंतीवर, काचेत.

तुम्ही हसू नका. अजून पुढं आहे.

आमंत्रण कसं द्यायचं? गावातले सगळे शेजारी शेतीशाळेच्या मोबाईल ग्रुपवर होतेच. तिथंच टाकलं. 'शनिवारी सायंकाळी सहा वाजता दिगांबरच्या मळ्यात मोठ्या पांढऱ्या पडद्याचा कार्यक्रम. रोडग्याची पंगत आहे. सर्वांनी यावे. उजेड नीट पडण्यासाठी आजूबाजूच्या शेतातील सर्व दिवे बंद ठेवावे.'

मॅच हा शब्द टाकायचा राहिला. मॅच कुणाला माहीत नाही? मला वाटलं, सगळ्या देशाला माहीत आहे.

पाच मिनिटांत मॅडमचं उत्तर. 'अत्यंत स्तुत्य उपक्रम. मी स्वतः उपस्थित राहीन. सर्वांनी दिव्यांबाबत सूचनेचे काटेकोर पालन करावे.'

मी तो निरोप सुनंदाला वाचून दाखवला. "पाह्य! कृषी खातं येऊन राह्यलं मॅच पाहाले!" माझी मान अशी ताठ झाली होती, की दोन दिवस मला खाली पाहताच येत नव्हतं.

शनिवार उजाडला. सोयाबीन नुकतंच निघालं होतं. आता सोयाबीन निघालं की त्यातले सगळे किडे बेघर होतात आणि नवीन बिऱ्हाड शोधत फिरतात, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त गजाननराव होता.

संध्याकाळी गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजून निघाले, वांग्याच्या भाजीचं पातेलं उतरलं. गावचे पंचवीसेक लोक आले. गजाननराव सासुरवाडीची सगळी मंडळी जीपमध्ये घालून आला, उतरला आणि पडद्याकडे पाहत राहिला. बोलला काही नाही! आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस माझ्यासमोर गप्प होता. सोन्याचा क्षण हो!

वानखडे मॅडमही आल्या. हातात वही, खांद्याला पिशवी, पिशवीत भिंग. मी म्हटलं, असेल. सरकारी माणूस आहे, जिथं जाईल तिथं वही नेतं.

मॅडमच्या शब्दाला मान देऊन शिवारातला एकूण एक दिवा बंद झाला होता. नदीपर्यंत नुसता काळोख. फक्त माझ्याच धुऱ्यावर एक उजेड राहिला होता, माझ्या प्रकाश सापळ्याचा बल्ब. त्याची तिरीप पडद्याच्या कोपऱ्यावर येत होती. मी गेलो आणि तो बल्ब माझ्या या हातानं बंद केला.

आणि प्रोजेक्टर लावला.

काय चित्र पडलं म्हणता! बॉलर आंब्याच्या झाडाएवढा. बॉलच्या शिवणी मोजून घ्या. लोक "अबबब" म्हणाले. मी गजाननरावापाशी जाऊन बसलो आणि हळूच विचारलं, "गवत दिसून राह्यलं ना नीट?"

पहिल्या ओव्हरला अंपायरच्या गालावर तीळ होता. दुसऱ्या ओव्हरला तो तीळ कपाळावर गेला. तिसऱ्या ओव्हरला मागून कुणीतरी विचारलं, "का हो दिगांबरभौ, फिल्डर किती असतात?"

"अकरा. काहून?"

"मले चाळीसेक दिसून राह्यले."

मी म्हटलं, लक्ष देऊ नका, चार-दोन किडे आहेत, जातील. इतक्यात एक पांढरा पतंग बॅटपासून निघाला तो भरधाव सीमारेषेकडे. अख्खी पंगत उठली. "चौका! चौका!" टाळ्या, शिट्ट्या. माझ्या सासऱ्यांनी तर टोपी उडवली. आणि स्पीकरमधून कॉमेंट्रीवाली बाई सांगते, आपला खेळाडू बाद झाला.

"बाद कसा? आत्ताच तं चौका गेला!"

"तो चौका नव्हता मामाजी," मी सासऱ्यांना म्हटलं, "पाखरू होतं."

"मंग बॉल कोठी गेला?"

बॉल कुठं गेला ते त्यानंतर कुणालाच कळलं नाही. पुढच्या पंधरा मिनिटांत तालुक्यातला प्रत्येक किडा माझ्या पडद्यावर येऊन बसला. हिरवे, तपकिरी, शिंगाचे, पंखांचे. जे पडद्यावर मावले नाहीत ते पंगतीत उतरले. मॅच सुरू आहे हे फक्त आवाजावरून समजत होतं.

माझी मेहुणी, म्हणजे गजाननरावाची बायको, जेवता जेवता म्हणाली, "सुनंदे, भाजीत आज तीळ लई टाकले काय वं?"

सुनंदा म्हणाली, "मी तीळ टाकलेच नाईत बाई."

त्यानंतर जे झालं त्याचं वर्णन मी चहासोबत करत नाही. पत्रावळी उडाल्या, बायका पदर झटकत पळाल्या, माझ्या सासऱ्यांच्या टोपीत काहीतरी शिरलं आणि ते टोपीसकट सांबाराच्या वाफ्यात बसले. त्यातच पडद्याखाली बेडूक जमायला लागले. कुणीतरी ओरडलं, "बेडकं आले! आता त्यायच्या मांगं कोन येते मालूम आहे ना?" मग जो तो मळ्यातल्या माझ्या खोलीकडे धावला.

ती खोली दहा बाय दहाची. खतं ठेवायची. तिच्यात तीस-पस्तीस माणसं शिरली आणि दार लावून घेतलं. मी प्रोजेक्टर बंद करायला गेलो, तर खिडकीतून गजाननराव ओरडला, "बंद नका करू! बंद नका करू!"

माझा ऊर भरून आला. म्हटलं, माणूस कसाही असो, शेवटी आपला आहे. माझं नाक राखून राह्यला.

"चालूच राहू द्या दिगांबरराव! किडे तथीच राह्यतीन, म्हंजे आमाले इथी मोबाईलवर सुखानं पाहता येते!"

मोबाईलवर! तळहाताएवढ्या मोबाईलवर! खिडकीतून पाहिलं तर युरियाच्या पोत्यावर गजाननराव बसलेला, त्याच्या हातात मोबाईल, आणि भोवती माझे सगळे पाहुणे एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून. मला आत यायला जागा नव्हती. माझ्याच खोलीत!

तेवढ्यात पुन्हा हाक. "अवो, तुमचा आवाज आमच्या पुढं चालून राह्यला! आउट होयाच्या आंधीच समजते. तो आवाज तेवढा बंद करा."

मी आवाज बंद केला. आता माझ्यासमोर दीडशे इंचांचा पडदा होता, त्यावर मॅच दिसत नव्हती आणि ऐकूही येत नव्हती. मी खिडकीपाशी जाऊन माझ्याच मळ्यात परक्यासारखं विचारत होतो, "स्कोर किती झाला हो?" आणि आतून सासरे सांगत होते, "थांबा ना बाप्पा, पाहू द्या!"

बाहेर माझ्यासोबत एकच माणूस उरला होता. वानखडे मॅडम. त्या भिंग लावून पडद्याला चिकटल्या होत्या आणि वहीत भराभर लिहीत होत्या. चेहरा असा, जणू लग्नघरात आल्यात.

"दिगांबरभाऊ, काय जबरदस्त प्रात्यक्षिक लावलंय हो तुम्ही! मला वाटलं एखादी चादर असेल. निळीत धुतलंय ना हे? वा! आणि उजेड किती तेज! फक्त एक समजलं नाही."

"काय मॅडम?"

"मागं ते क्रिकेट कशाला लावलंय?"

मी म्हटलं, "लोकायले गोळा कराले, मॅडम."

"उत्तम कल्पना!" म्हणाल्या, आणि तेही लिहून घेतलं.

आपण मॅच जिंकलो म्हणे. मला खोलीतल्या आरडाओरड्यावरून समजलं.

पुढच्या शेतीशाळेत मॅडमनी माझा फोटो दाखवला. पडदा, पडद्यावर किडे, शेजारी मी. म्हणाल्या, "बाकीचे नुसते ऐकतात. दिगांबरभाऊ जे सांगतात ते करून दाखवतात. तेज उजेड, मागं पांढरं, आजूबाजूला अंधार. एकही गोष्ट चुकली नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला दुसरं प्रमाणपत्र मिळालं. सुनंदानं ते पहिल्याच्या शेजारी लावलं, आणि काच पुसताना अजूनही तिला हसू येतं. माझ्या आयुष्यात मी दोनच गोष्टींत पहिला आलो आहे, दोन्ही किड्यांच्या.

मी ठरवलं होतं, शब्द तो शब्द. नाही दाखवता आली मॅच, तर नाही. गजाननरावाच्या गच्चीवर जन्मात पाय ठेवायचा नाही. आणि चार दिवसांनी त्याचाच फोन आला.

"दिगांबरराव, रविवारी मॅच आहे. गच्चीवर या."

"मी शब्द देल्ता, गजाननराव."

"शब्द राहू द्या बाजूले. या. अन् येतानी तो प्रोजेक्टर आना."

माझी छाती फुगली. शेवटी कळली ना किंमत! त्रेचाळीस इंचवाल्याला दीडशे इंचांची गरज पडली ना! मी मुद्दाम जरा थांबून विचारलं, "पडदाही आनू काय?"

"पडदा तं पाह्यजेच! त्याच्यावाचून कसं होईन? मांगच्या परसात लावून देऊ. अवो, इथी गच्चीवर टीव्हीपाशी लई किडे येऊन राह्यले. तुमचं तथी खाली चालू राह्यलं, की आमाले वरतं निवांत पाहता येते."

आता तुम्ही विचारणार, गेलो का?

गेलो. पडदा पुन्हा निळीत काढून नेला. परसात नीट ताणून बांधला, शेजारच्यांना दिवे बंद करायला लावले, प्रोजेक्टर सुरू केला आणि गच्चीवर जाऊन चिवडा घेऊन बसलो. आणि खोटं कशाला बोलू, त्रेचाळीस इंचावर गवत फार हिरवं दिसतं.